शेकडा दहा

अमेरिकेतल्या एखाद्या साध्या घरातली खोली घेऊ. लांबी १४ फूट, रुंदी १२ फूट, उंची ८ फूट. लाकडी सांगाडा उभा राहिला आहे आणि आता भिंतींना नि छताला ड्रायवॉल ठोकायची आहे. आपल्याकडे फॉल्स सीलिंगला जे जिप्सम बोर्ड वापरतात, तेच हे. चार भिंतींचा घेर ५२ फूट, म्हणून भिंतींचं क्षेत्रफळ ४१६ चौरस फूट, छताचं १६८, मिळून ५८४. तिथे नेहमी मिळणारी शीट ४ बाय ८ ची, म्हणजे ३२ चौरस फुटांची. भागाकार सव्वाअठरा येतो, तेव्हा १९ शीट. पण दुकानदार आणि ठेकेदार इथे थांबत नाहीत. वर शेकडा दहा वेस्टेज धरा, असं ते सांगतात. ते धरलं की ६४२ चौरस फूट होतात, भागाकार विसाच्या किंचित पुढे सरकतो, आणि त्या किंचितापायी एकविसावी शीट घ्यावी लागते. खोली तीच, भिंती त्याच. १९ च्या २१ झाल्या. या वरच्या दोन शीट नेमक्या कशासाठी आहेत आणि त्या घेणं हे शहाणपण की हाव, हा प्रश्न वरवर बांधकामाचा दिसतो. मला तो धर्माचा वाटतो. गरजेपेक्षा जास्त घेण्याचा माणसाला अधिकार आहे का, हे जगातल्या बहुतेक धर्मांनी विचारलं आहे. आणि गरज किती हे ज्याला आधी नक्की कळूच शकत नाही, त्यानं काय करावं, हा त्याच प्रश्नाचा अधिक अवघड भाग आहे.

जुन्या गिलाव्याच्या भिंतीला हा प्रश्न इतका टोचत नव्हता. लाकडी पट्ट्यांवर चुन्याचे किंवा जिप्समचे थर चढवत, वाळायला वेळ देत भिंत तयार होई. माल लागेल तसा कालवता येई. कमी पडला तर आणखी एक घमेलं. ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये कागद आणि प्लास्टर यांच्या थरांच्या तयार पाटीचं पेटंट घेतलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत झपाट्यानं घरं उभी राहू लागली तेव्हा तिथल्या गिलाव्याची जागा या कोरड्या पाटीनं जवळजवळ पूर्णपणे घेतली. पाटी मात्र अखंड येते. सव्वाअठरा शीट कोणी विकत देत नाही. गरज अपूर्णांकात असते आणि खरेदी पूर्णांकात करावी लागते, म्हणून दोहोंच्या मध्ये काही ना काही उरणार हे आधीच ठरलेलं असतं. उरणं हा दोष मानावा की नाही, याचा विचार त्यामुळे टाळता येत नाही.

आता हाच हिशेब क्षेत्रफळावरून न करता चित्र काढून करू. शीट ४ बाय ८ ची न घेता ४ बाय १२ ची घेऊ. तीही तिथे सहज मिळते. छताच्या १२ फूट रुंदीत चार-चार फुटांच्या तीन ओळी बसतात, आणि प्रत्येक ओळ १४ फुटांची, म्हणजे एक अख्खी शीट आणि दोन फुटांचा तुकडा. भिंतींवर शीट आडव्या लावल्या तर ८ फूट उंचीत दोन ओळी होतात. १२ फुटी भिंतीला दोन शीट बरोबर पुरतात, एकही उभा सांधा न पडता. १४ फुटी भिंतीला दोन शीट आणि ४ बाय २ चे दोन तुकडे लागतात. सगळं मिळून अख्ख्या शीट ११ आणि तसे तुकडे सात. एका शीटमधून सहा तुकडे निघतात. सातवा कुठून आणायचा? दारासाठी भिंतीत ३ बाय ७ फुटांची जागा सोडायची आहे. खालच्या ओळीच्या शीटमधून तिथे ३ फूट रुंद आणि ४ फूट उंच तुकडा कापून निघतो. सातवा तुकडा त्यातच आहे. म्हणजे १२ शीट पुरल्या. त्यांचं क्षेत्रफळ ५७६ चौरस फूट, खोलीच्या ५८४ पेक्षाही कमी, कारण दाराच्या जागेला पाटी लागतच नाही. हीच शीट धरून शेकडा दहाच्या नियमानं हिशेब केला असता तर १४ आणाव्या लागल्या असत्या.

त्या दोन शीट कुठून उपजल्या, हे इथे स्पष्ट दिसतं. पाटी फुटण्याची भीती किंवा कारागिराची चूक यांचा त्यांच्याशी संबंध नव्हता. खोली न पाहता भागाकार केल्यानं त्या यादीत आल्या होत्या. माझं म्हणणं एवढंच आहे की जास्तीचं घेणं पाप की पुण्य, हे जास्ती किती यावरून ठरत नाही. ती कशामुळे आली यावरून ठरतं. मन लावून मोजल्यानंतरही जे अज्ञान शिल्लक राहतं, त्याच्यासाठी ठेवलेली जास्ती ही विनयाची खूण आहे. मोजण्याचा कंटाळा झाकण्यासाठी घेतलेली जास्ती हा संग्रह आहे, मग ती एकाच शीटची का असेना. आपल्या गणितपरंपरेला हा भेद ठाऊक होता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (सुमारे ११५०) धान्याच्या राशीचा अंदाज करण्याचं एक प्रकरण आहे. जमिनीवर ओतलेल्या राशीचा घेर मोजायचा आणि त्यावरून उंची धरायची. पण जाड्या धान्याला घेराचा दहावा भाग, बारीक धान्याला अकरावा आणि कुसळाच्या धान्याला नववा. अंदाजच करायचा आहे तर सरसकट एक आकडा का नाही? कारण बारीक दाणा घरंगळून पसरतो आणि कुसळं एकमेकांत अडकून रास उंच राहते. अंदाज करणाऱ्यानं निदान दाणा हातात घेऊन पाहिला पाहिजे, एवढी अट तो नियम घालतो.

अपरिग्रहाच्या विचारात हीच अट वेगळ्या शब्दांत येते. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना दर मंगळवारी जी पत्रं लिहिली, ती ‘मंगलप्रभात’ या नावानं ओळखली जातात. गरज नसलेली वस्तू घेणं ही चोरीच, इथपर्यंत ते त्यात जातात. उद्यासाठी साठवणं हे सत्यशोधकाला शोभत नाही, असंही सांगतात. हे शब्दशः धरलं तर तेरावी शीट सोडाच, बारावी फुटेल तेव्हा पाहू असं म्हणावं लागेल. पण तेच गांधीजी शरीरसुद्धा परिग्रहच असल्याचं मान्य करतात, म्हणजे पूर्ण अपरिग्रह देहधाऱ्याला शक्य नाही हे त्यांना दिसत होतं. जैन विचारानं या अडचणीवर फार नेमका तोडगा काढला आहे. मुनीला सर्व सोडायला सांगितलं आणि गृहस्थाला परिग्रह-परिमाण-व्रत दिलं. परिमाण म्हणजे माप. गृहस्थानं स्वतः माप ठरवावं, उच्चारावं आणि पाळावं. आणि उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूच्या संख्येनं करून दिलेली नाही. तिथे शब्द आहे मूर्च्छा. टीकाकार त्याचा अर्थ ममत्व, आसक्ती असा लावतात. त्या शब्दातली बेशुद्धीची छटाही मला महत्त्वाची वाटते. न पाहता वर शेकडा दहा लावणारा माणूस लोभी असेलच असं नाही. पण त्या क्षणी तो शुद्धीवर नसतो.

या विषयावरचं सर्वांत अर्थपूर्ण वचन मला मिळालं ते अपरिग्रहाच्या चर्चेत नाही, वैदिक बांधकामात मिळालं. अग्निचयनात पसरलेल्या पंखांच्या श्येनाच्या आकाराची वेदी रचतात. पाच थर, प्रत्येक थरात २०० विटा, एकूण १०००, आणि क्षेत्रफळ ठरलेलं: साडेसात चौरस पुरुष, यजमान हात वर करून उभा राहिला की जी उंची होते तिला पुरुष धरून. इथे माप चुकणं हा कर्माचा दोष. पण वीट मातीची असते. ती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते, आणि किती आकसेल ते माती आणि आच ठरवतात. मग बरोबर मापाची वेदी होणार कशी? बौधायन शुल्बसूत्राचं उत्तर असं आहे की वाळण्याभाजण्यात जे उणं होईल ते पुरीषानं भरून काढावं, कारण पुरीषाचं प्रमाण नियत नाही. पुरीष म्हणजे विटांच्या थरांवर पसरायची भुसभुशीत माती. ज्या कर्मात विटांची संख्या आणि क्षेत्रफळ काटेकोर बांधलेलं आहे, त्याच कर्मात एक पदार्थ मुद्दाम अनियत ठेवला आहे, जेणेकरून बाकीच्या सगळ्यांना नियत राहता यावं. ड्रायवॉलच्या सांध्यांत जे कंपाउंड भरतात त्याचं काम थेट हेच. पाट्या काटेकोर कापायच्या आणि राहिलेली फट ज्याचं माप बांधलेलं नाही अशा ओल्या लेपानं भरायची. फटीला जागा आधीपासून धरलेली असते, म्हणून ती चूक ठरत नाही.

याच शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णाचं जे माप दिलं आहे, तेही इथे आठवावं. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. उत्तर १.४१४२१५७ येतं, खरी किंमत १.४१४२१३६ च्या जवळ. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दोरी आणि खुंट्यांनी काम करणाऱ्यांना याहून बारीक माप कधी लागलं नसेल. तरी या मापाला त्यांनी नाव दिलं ‘सविशेष’. विशेष म्हणजे फरक, असा अर्थ घेतला तर हे फरकासकट सांगितलेलं माप झालं. फरक आहे हे नावातच नोंदवून ठेवण्यात जी सचोटी आहे, ती मला अंदाजाच्या नीतीचा पाया वाटते. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पुरीष हा शब्द पुढे आयुर्वेदात आणि एरवीच्या संस्कृतात मलासाठी वापरला गेला. शब्दांचा हा प्रवास कसा झाला हा भाषाशास्त्राचा विषय. पण वेदीतली उणीव भरणारा पदार्थ आणि शरीरानं टाकून दिलेला पदार्थ यांना एकच शब्द लागावा, यात वरच्या शेकडा दहाची दोन्ही रूपं दिसतात. जास्ती जागेवर पडली तर भर आहे, नाहीतर घाण.

यावर श्रद्धावंताचा आक्षेप असा येईल की उद्याची तजवीज करणं हाच मुळात देवावरचा अविश्वास आहे. या आक्षेपासाठी बायबलमधल्या मान्नाच्या कथेचा आधार घेतात. रानात भटकणाऱ्या इस्रायली लोकांना रोज पहाटे अन्न मिळे, माणशी एक ओमेर; ज्यांनी सकाळपर्यंत साठवून ठेवलं त्यांच्या अन्नात किडे पडले. कथा इथेच संपवली तर साठवणुकीचा निषेध एवढाच तिचा अर्थ उरतो. पण ‘निर्गम’च्या त्याच अध्यायात पुढे सहाव्या दिवशी माणशी दोन ओमेर गोळा करायला सांगितले आहेत, कारण सातवा दिवस शब्बाथचा, म्हणजे विश्रांतीचा, आणि ते दुप्पट अन्न रात्रभर राहूनही नासलं नाही. एका रात्रीपुरती साठवण दोन्ही वेळा तीच, अन्न तेच. एकदा त्यात किडे पडले आणि एकदा पडले नाहीत, कारण एका जास्तीमागे धास्ती होती आणि दुसरीमागे माहीत असलेली गरज. ‘लूक’च्या शुभवर्तमानात तर बुरूज बांधू पाहणाऱ्यानं आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अडेल आणि लोक हसतील, असा दृष्टांत येशूनं दिला आहे. विश्वास आणि हिशेब यांत वैर आहे, असं निदान या ग्रंथांना वाटत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो अधिक वजनाचा आहे. शीट स्वस्त असते, कारागिराचा वेळ महाग. चित्र काढून दोन शीट वाचवण्यात जो तास जातो, त्यात दोन शीटची किंमत निघून जाते. शिवाय माल मध्येच संपला तर काम ठप्प. हिशेब पैशांपुरता असेल तर हे खरं आहे, आणि कित्येक खोल्यांच्या बाबतीत मी ते मान्य करीन. पण शीटच्या किमतीत शीटचं सगळं आयुष्य मोजलेलं नसतं. जिप्सम हा खनिज पदार्थ आहे. आपल्याकडे तो मुख्यतः राजस्थानातल्या नागौर, बिकानेर, जैसलमेर भागांतून निघतो. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा स्फटिकात बांधलेलं पाणी असतो, आणि आग लागली की ते वाफ होऊन निघत राहतं, म्हणूनच ही भिंत काही काळ ज्वाळा अडवते. तोच तुकडा ओल्या कचऱ्याखाली हवेविना गाडला गेला की जिवाणू त्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू विषारी आहे. ही किंमत गिऱ्हाईक देत नाही, दुकानदारही देत नाही. कचरा डेपोशेजारी राहणारे देतात. भारतात बांधकामाच्या कचऱ्यासाठी २०१६ पासून वेगळे नियम आहेत, पण नियम लागू होतो तो कचरा झाल्यावर. कचरा किती होणार हे ठरतं त्याआधी, सामानाची यादी लिहिताना.

मग १२ शीटच आणाव्यात का? इथे मला माझ्याच बाजूच्या माणसाला उत्तर द्यावं लागतं. शून्य जास्ती हीच शुद्ध जास्ती, असं अपरिग्रहाचा कडवा उपासक म्हणेल. पण ४ बाय १२ ची शीट हलक्या जातीची धरली तरी ३० किलोंच्या आसपास भरते. ती दोघांनी डोक्यावर धरून छताला भिडवायची, एकानं तोलायची आणि दुसऱ्यानं स्क्रू मारायचे. कोपरा आपटला की भुगा होतो. विजेच्या डब्याचं भोक अर्धा इंच सरकलं की तुकडा वाया. मोजून १२ शीट आणणाऱ्या मालकाचं व्रत अखंड राहील, पण त्याचा भार त्या दोघांच्या हातांवर पडेल. प्रत्येक चुकीची भरपाई त्यांच्या मजुरीतून किंवा त्यांच्या अपमानातून होईल. दुसऱ्याच्या थरथरत्या हातावर उभं केलेलं स्वतःचं वैराग्य ही हिंसाच आहे. म्हणून तेरावी शीट घ्यावी असं माझं मत आहे. ती कारागिराच्या चुकीसाठी म्हणून, हे स्पष्ट बोलून घ्यावी, म्हणजे चूक झाली तर त्याला मान खाली घालावी लागणार नाही. १४ आणि १३ यांत फरक एका शीटचा आहे. पण चौदाव्या शीटचं कारण कोणी विचारलं तर सांगता येत नाही, तेराव्या शीटचं येतं.

कोणी चार्वाकाच्या बाजूनं म्हणेल की हा सगळा खटाटोपच व्यर्थ आहे. उद्याचं ज्ञान नसतंच; अनुमानाला लागणारी व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींमधला कायमचा संबंध, कधीच पुरी तपासता येत नाही; मग दहा धरा की पाच, दोन्ही आंधळेच. नैयायिकांनी या शंकेशी शतकानुशतकं झुंज घेतली आणि ‘न्यायकुसुमांजली’त उदयनाचार्यांनी तिला जी सीमा घातली ती इथे पुरेशी आहे: शंका घेणाऱ्याची स्वतःची कृती जिथे शंकेला खोटं पाडते तिथे शंका थांबते. अनुमानावर विश्वास नाही म्हणणाराही भूक लागली की जेवतो. खोलीचा अंदाज चूक ठरू शकतो म्हणणाराही शेवटी कुठला तरी एक आकडा दुकानात सांगतोच. आकडा सांगायचाच आहे, तर शितावरून भाताची परीक्षा करताना शीत निदान दाबून पाहावं.

‘निर्गम’च्या छत्तिसाव्या अध्यायात देवाच्या निवासमंडपाच्या बांधणीचा एक प्रसंग आहे. लोक रोज सकाळी भक्तीनं सामान आणून देत होते, आणि देवाच्या कामाला जास्ती कशी होईल, असं कोणालाही वाटलं असतं. पण विणणारे, कोरणारे, जडवणारे सगळे कारागीर आपापलं काम टाकून मोशेकडे आले. लागणार त्याहून अधिक येतं आहे, असं त्यांनी सांगितलं. हिशेब त्यांच्या हातात होता, म्हणून ते सांगू शकले. मोशेनं छावणीभर जाहीर करवलं की आता कुणी स्त्रीनं वा पुरुषानं काही आणू नये, तेव्हा लोक थांबले. आलेलं सामान सगळ्या कामाला पुरलं, आणि तरीही उरलं, असं तिथे नमूद आहे.